रस्त्यावरील ट्रॅक्टर : विमा आणि मालकाची जबाबदारी

गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा अथवा सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्याने रात्री प्रवास करणाऱ्यास एक देखावा हमखास आढळतो. उसाने भरलेली ट्रॉली चाक निकामी झाल्यामुळे रस्त्याच्या कडेला उभी असते. चाकाखाली दोन धोंडे लावलेले असतात. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो. परावर्तक असलाच तर तो उसाच्या लोंबत्या पाल्याखाली झाकून गेलेला असतो. ट्रॅक्टर सोडवून चालक मिस्त्रीला आणण्यासाठी गेलेला असतो आणि मालक गावात झोपलेला असतो. अशा वेळी मागून येणारा मोटारसायकलस्वार त्या ट्रॉलीवर आदळून मृत्यू पावला, तर जबाबदार कोण? गावातील पारावर या प्रश्नाचे उत्तर बहुधा असे मिळते की, गाडी उभी होती, धडक मारणारा दुसराच होता, तेव्हा मालकाचा यात काय दोष?

कायद्याचे उत्तर निराळे आहे. रस्त्यावर धोकादायक रीतीने वाहन उभे करून ठेवणे हा स्वतंत्र अपराध आहे. शिवाय वाहन उभे आहे म्हणून त्याचा 'वापर' थांबला असे मानले जात नाही. सन १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा एक टँकर ट्रकशी टक्कर होऊन कलंडला, आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन माणसे दगावली. टँकर त्या वेळी चालत नव्हता, तेव्हा हा मोटार अपघात नव्हेच, असा बचाव करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो अमान्य केला. बंद पडलेले वा पडून राहिलेले वाहनही 'वापरात' असू शकते, हे तत्त्व तेव्हापासून पक्के झाले आहे. मोटारसायकलस्वार बेफाम वेगाने येत होता असे सिद्ध झाल्यास त्याच्या दोषाचा वाटा भरपाईतून वजा होईल हे खरे. परंतु ट्रॉलीच्या मालकाचा वाटा त्यामुळे नाहीसा होत नाही.

हा वाटा किती मोठा असू शकतो याची बहुतेक शेतकऱ्यांना कल्पना नसते. समजा, मृत्यू पावलेला मनुष्य ३५ वर्षांचा होता, स्वतःच्या धंद्यात दरमहा १२,००० रुपये मिळवीत होता, आणि त्याच्या पश्चात पत्नी, दोन मुले व आई अशी चार माणसे त्याच्यावर अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निर्णयांत हिशेबाची जी रीत घालून दिली आहे, तिच्याप्रमाणे चाळिशीच्या आतील स्वतंत्र धंदेवाईकाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवावयाचे; म्हणजे १६,८०० रुपये झाले. चार अवलंबितांमुळे त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश भाग वजा केला की १२,६०० रुपये उरतात. वर्षाचे १,५१,२०० रुपये होतात. पस्तिसाव्या वर्षासाठी गुणक १६ आहे. गुणाकार केल्यास २४,१९,२०० रुपये येतात. यांत अंत्यविधीचा खर्च, वैवाहिक व कौटुंबिक सहवासाची हानी इत्यादी रकमा व अर्ज केल्यापासूनचे व्याज वेगळे मिळवावयाचे असते. विमा असेल व तो नियमाप्रमाणे असेल, तर ही रक्कम विमा कंपनी देते. नसेल तर मालकाने द्यावयाची. मालकाने न दिल्यास न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठविते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. याचा अर्थ काय, हे ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला फोड करून सांगण्याची गरज नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरावयाचे असल्यास त्रयस्थाच्या जोखमीचा विमा असणे बंधनकारक आहे. ट्रॅक्टर त्यातून सुटलेला नाही. अनेक ठिकाणी असा समज आढळतो की, ट्रॅक्टर हे शेतीचे अवजार आहे, नांगर किंवा कुळव यांना कोणी विमा मागत नाही, तेव्हा ट्रॅक्टरलाही तो लागत नाही. कायद्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे आणि त्याला जोडलेली ट्रॉलीदेखील मोटार वाहनच आहे. विम्यावाचून वाहन वापरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुढच्या अपराधास ४,००० रुपये दंड, अशी तरतूद आहे. वस्तुतः हा दंड म्हणजे किरकोळ गोष्ट होय. खरे संकट वर दाखविलेल्या गुणाकारात आहे.

'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. जेथे जाण्यायेण्याचा लोकांना हक्क आहे असा कोणताही मार्ग, मग तो वाहता असो वा नसो, या व्याख्येत येतो. म्हणून गावचा पाणंद रस्ता, शिवेवरील वहिवाटीचा रस्ता, बाजारतळ, ही सर्व सार्वजनिक ठिकाणेच होत. स्वतःच्या शेतात नांगरट करताना घडलेल्या अपघाताचा विचार वेगळा होतो. परंतु असा ट्रॅक्टर क्वचितच असेल की जो घरापासून शेतापर्यंत एकदाही रस्ता ओलांडत नाही.

विमा दोन प्रकारचा असतो. पहिला त्रयस्थाच्या जोखमीचा, म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्यास झालेल्या मृत्यू, इजा वा नुकसानीचा. हाच सक्तीचा आहे. दुसऱ्या, सर्वंकष विम्यात स्वतःच्या ट्रॅक्टरचे नुकसान, चोरी, आग यांचाही समावेश होतो व तो ऐच्छिक आहे. बँकेचे कर्ज असेपर्यंत बँक विम्याचा आग्रह धरते व पुष्कळदा हप्ता परस्पर भरून कर्जखात्यात टाकते. यामुळे होते असे की, विम्याचा कागद शेतकऱ्याने कधी पाहिलेलाच नसतो; आणि कर्ज फिटले, बँकेचा बोजा उतरला, की विमाही त्याबरोबर नकळत संपतो. गावात विम्यावाचून फिरणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांपैकी कित्येकांचा इतिहास असा आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कर्जमुक्त ट्रॅक्टरांच्या मालकांची यादी करून केवळ एवढीच चौकशी केली तरी पुष्कळ काम होईल.

मुदत संपल्यानंतर त्रयस्थ विम्याला सवलतीचे दिवस नसतात. विमा अधिनियम, १९३८ प्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम पत्करीत नाही, आणि विमापत्रावर ज्या दिवशी व ज्या वेळी जोखीम सुरू होत असल्याचे लिहिलेले असते, त्याच क्षणापासून ती सुरू होते. १९९१ सालच्या एका अपघातात अपघात दुपारी २ वाजून २० मिनिटांनी घडला आणि विमा त्याच दिवशी २ वाजून ५५ मिनिटांनी उतरविलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीस जबाबदार धरले नाही. पस्तीस मिनिटांचे अंतर होते.

आता विमा आहे, हप्ता भरलेला आहे, तरीही कंपनी हात वर करते असे प्रसंग कोणते, हे पाहिले पाहिजे; कारण शेतकऱ्याची फसगत येथेच अधिक होते. ती फसगत दर वेळी कंपनीच करते असे नाही; विमापत्र न वाचण्याची सवय तिला अधिक कारणीभूत आहे.

ट्रॅक्टरचा विमा सर्वसाधारणपणे शेतीच्या कामापुरता असतो. विमापत्रावर 'वापराची मर्यादा' या मथळ्याखाली हे लिहिलेले असते. स्वतःच्या शेतातील माल बाजारात नेणे, खत, बियाणे, वैरण आणणे, ही कामे त्यात बसतात. परंतु वीटभट्टीची माती, बांधकामाची वाळू व खडी, व्यापाऱ्याने विकत घेतलेला माल, यांची वाहतूक म्हणजे शेतीचे काम नव्हे. व्यापाऱ्याचा भाजीपाला घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये असे स्पष्ट केले की, माल शेतात पिकलेला असला तरी धंद्यासाठी विकत घेतलेल्या भाजीपाल्याची ने-आण हे शेतीचे काम होत नाही. वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरून पडून जखमी झालेल्या मजुराच्या दुसऱ्या प्रकरणात, २००७ मध्ये, कंपनी कायद्याने जबाबदार नाही असे ठरले. मात्र गरीब मजूर वाऱ्यावर सुटू नये म्हणून न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात कंपनीस रक्कम भरण्यास व ती मागाहून मालकाकडून वसूल करण्यास सांगितले.

'आधी भरा, मग वसूल करा' हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. जखमी मनुष्यास पैसे मिळतात, प्रकरण मिटले असे मालकास वाटते, आणि नंतर कंपनीची वसुलीची नोटीस दारात येते. पुष्कळ मालक न्यायाधिकरणाची पहिली नोटीस आल्यावर, विमा आहे, कंपनी बघून घेईल, असे म्हणून हजरच राहत नाहीत. प्रकरण त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चालते. आपला चालक परवानाधारक होता, ट्रॉलीत स्वतःच्याच शेतातील ज्वारी होती, हे सांगणारा तेथे कोणी नसतो. आणि कंपनीचा वकील तर जबाबदारी टाळण्यासाठीच तेथे उभा असतो. यास्तव नोटीस येताच वकिलामार्फत हजर होणे व कागद दाखल करणे अत्यावश्यक आहे.

उसाच्या वाहतुकीचा प्रश्न विशेष विचार करण्याजोगा आहे. स्वतःच्या शेतातील ऊस स्वतःच्या ट्रॉलीतून कारखान्यावर नेणारा शेतकरी आणि कारखान्याशी करार करून हंगामभर दुसऱ्यांचा ऊस भाड्याने वाहणारा वाहतूकदार, हे दोघे रस्त्यावर सारखेच दिसतात. विम्याच्या दृष्टीने ते सारखे नाहीत. दुसऱ्याने आपला वापर कंपनीस लेखी कळवून, भाड्याच्या वाहतुकीस लागू पडेल अशी नोंदणी व असा विमा करून घेणेच इष्ट होय. हप्ता जास्त पडतो म्हणून हे टाळण्याकडे कल असतो. परंतु हंगामातील एका आठवड्याच्या भाड्यासाठी शेतजमीन पणाला लावण्यासारखेच ते आहे.

ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र करावी लागते आणि तिचा उल्लेख विमापत्रात असावा लागतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावावयाच्या असल्यास दोन्हींचे क्रमांक नमूद हवेत. गावच्या लोहाराकडून बनवून घेतलेली, क्रमांक नसलेली ट्रॉली ही तर वादाला आमंत्रणच होय. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, अशा प्रकरणी कंपनीस जबाबदार धरणारे व तिला मोकळे सोडणारे, असे दोन्ही तऱ्हेचे निर्णय न्यायालयांतून झालेले आहेत. आपले प्रकरण कोणत्या बाजूला पडेल याची परीक्षा स्वतःवर करून पाहण्यात शहाणपणा नाही.

ट्रॉलीतून माणसे नेण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक आहे. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची मंडळी, पंढरपूरला निघालेले वारकरी, खुरपणीच्या बाया, सर्व एकाच ट्रॉलीत बसतात, आणि दोघे-तिघे मडगार्डवर. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणासही बसविण्याची मुभा वाहन चालविण्याच्या नियमांत नाही. तेथे बसण्याची जागाच केलेली नसते. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जोखीम कंपनीने घेतलेली नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ अखेरच्या निर्णयात सांगितले आहे. म्हणजे ओळखीखातर, शब्द मोडवत नाही म्हणून, कोणाचे वऱ्हाड नेले आणि ट्रॉली उलटली, तर भावकीतल्या माणसांचीच भरपाई मालकास स्वतःच्या खिशातून करण्याची पाळी येते. शेतमजुरांबद्दल, ते आपल्याच कामावर आहेत म्हणून विम्यात आपोआप येतात, असा समज आहे. तोही चुकीचा आहे. जादा हप्ता भरून त्यांची जोखीम विमापत्रात घालून घ्यावी लागते. अन्यथा त्यांच्या नुकसानभरपाईचे दायित्व मालकाच्या अंगावर राहते.

चालकाचा परवाना हा पुढचा मुद्दा. ७,५०० किलोपेक्षा अधिक वजन नसलेला रिकामा ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो आणि शेतीचे नेहमीचे सर्व ट्रॅक्टर त्यापेक्षा पुष्कळ हलके असतात. ट्रॅक्टर चालविण्याचा वैध परवाना असलेल्याने मागे ट्रॉली जोडली म्हणून त्याचा परवाना निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले आहे. तेव्हा अडचण परवान्याच्या वर्गाची फारशी उरलेली नाही. ती परवाना मुळीच नसण्याची आहे. गावातील सराईत चालक वीस-वीस वर्षे ट्रॅक्टर चालवितात, हात अगदी बसलेला असतो, आणि परवाना कधी काढलेलाच नसतो, किंवा काढून त्याची मुदत केव्हाच उलटलेली असते. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती वाहन दिल्याबद्दल मालकास ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कंपनीस वसुलीचा मार्ग मोकळा होतो, तो वेगळाच.

याहून गंभीर गोष्ट अल्पवयीन मुलांची. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर चालवू लागला की घरात त्याचे कौतुक होते. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक अथवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ऐन हंगामात ट्रॅक्टर वर्षभर बंद राहणे आणि मुलाची उमेदीची सात वर्षे परवान्यावाचून जाणे, यांपैकी घराला अधिक महाग काय पडेल हे सांगणे कठीण आहे.

विमा पैशाची जबाबदारी उचलतो. फौजदारी जबाबदारी कोणताही विमा उचलीत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडविल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. ही शिक्षा चालकास होते. ज्याने वाहनास दिवा बसविला नाही तो मालक आणि ज्याने ते अंधारात उभे केले तो चालक, यांत तुरुंगात जाणारा बहुधा गडीच असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीत एक खड्डा आहे. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर खरेदीखत होते, पैसे दिले-घेतले जातात, ट्रॅक्टर दुसऱ्या तालुक्यात जातो. परंतु नोंदणी पुस्तकावर जुनेच नाव राहते. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास ती कळवावयाची असते, आणि घेणाऱ्यानेही तेवढ्याच मुदतीत विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. हे झाले नाही आणि चार वर्षांनी अपघात घडला, तर नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईपुरता मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले आहे. मध्ये ट्रॅक्टर चार हातांतून गेला तरी फरक पडत नाही. त्यामुळे विकणाऱ्याने पैसे मोजून घेण्याइतकेच लक्ष नावबदलाच्या अर्जावर ठेवले पाहिजे.

मालक स्वतःच चालक असेल आणि तोच अपघातात सापडला तर? त्रयस्थाचा विमा त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण तो त्रयस्थ नव्हे. यासाठी मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो आणि त्यासाठी त्याच्याजवळ वैध परवाना असणे आवश्यक असते. महाराष्ट्रात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली अपघाती मृत्यूच्या प्रसंगी कुटुंबास २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. तो सरकारी मदतीचा हात आहे. विम्याची जागा तो घेऊ शकत नाही.

अपघात घडल्यावर प्रथम जखमीस दवाखान्यात पोहोचविणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जमावाच्या भीतीने घटनास्थळी थांबणे शक्य नसेल तरी चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात हकीगत सांगितलीच पाहिजे. कंपनीस विमापत्राचा क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ व जागा, जखमींची नावे आणि चालकाचे नाव व परवान्याचा तपशील लेखी कळवावा व पोच जपून ठेवावी. ट्रॅक्टर हलविण्यापूर्वी पंचनामा होऊ द्यावा. चालक बदलून परवानाधारक माणसाचे नाव पुढे करण्याचा सल्ला अशा वेळी गावातील कोणी तरी शहाणा हटकून देतो. तो मुळीच ऐकू नये. साक्षीदारांच्या जबान्यांत हे उघडकीस येते आणि मग कंपनी मोकळी होऊन नवा गुन्हा मात्र दाखल होतो.

जखमी व्यक्ती अथवा मृताचे वारस यांनी भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावा. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलेली आहे, तेव्हा तेराव्यानंतर लवकरात लवकर कागद गोळा करण्यास लागावे. कोणाचा दोष हे सिद्ध न करता ठरावीक भरपाई घ्यावयाची असल्यास कलम १६४ प्रमाणे मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. स्त्रिया, तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्याचे कार्यालय असते आणि साध्या अर्जावर काम होते.